डोंबाऱ्याच्या पोरीची कमान

अकोल्याच्या जुन्या शहरातून, मोर्णेच्या काठावरून आम्ही गटातल्या बाया बोलतोय.

कापूस-सोयाबीन घरात आलं, लोकांच्या हातात चार पैसे खेळू लागले, की गावात डोंबारी यायचे. अजूनही कुठे कुठे येतात. बांबू उभे राहतात, दोर ताणला जातो, ढोलकी वाजते आणि आठ-दहा वर्षांची एक पोर पुढे येते. ती दोरावर चालते हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याआधी ती जमिनीवर काय करते, ते आठवा. मागे वाकते, वाकत वाकत डोकं टाचांशी नेते आणि भुईवरची नोट तोंडानं उचलते. लोखंडी कड्यातून आधी डोकं, मग खांदे, मग कंबर, अशी सगळीच्या सगळी निघून जाते. बघणाऱ्या बाया म्हणतात, “मायबाई, इच्या अंगात हाडच नाही वं!”

हाडं आहेत, बायांनो. तुमच्या-आमच्या पोरींना आहेत तशीच. पाठीचा कणा म्हणजे काठी नव्हे, ती मण्यांची माळ आहे. मानेत ७ मणके, छातीमागे १२, कमरेत ५. छातीमागच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या, म्हणून तिथे कणा मागे फारसा झुकत नाही. न शिकलेलं माणूस मागे वाकायला गेलं की सगळा ताण कमरेच्या दोन-तीन मणक्यांवर येतो आणि कंबर धरते. शिकलेली पोर तोच वाक मान, खांदे, कंबर आणि मांडीचे सांधे यांच्यात वाटून घेते. काही जणींचे सांधे जन्मतःच सैल असतात, हे खरं. पण नुसत्या सैल सांध्यांनी कमान टिकत नाही, ती धरून ठेवायला पोटात आणि पाठीत बळ लागतं. ते रोजच्या सरावानं, वर्षानुवर्षांनी येतं. आई लेकीला शिकवते, तिच्या आईनं तिला शिकवलेलं असतं. ‘कोलांटउडी’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्दसुद्धा कोल्हाट्यांच्या उडीवरून आला असं सांगतात.

हीच कमान दुसरीकडेही दिसते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हाला ठाऊक असेल. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते सुरू केलं आणि १९३६ साली मंडळाच्या पथकानं थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ करून दाखवले. त्या देशी खेळांतलाच एक मल्लखांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. मुली जास्त करून दोरीचा मल्लखांब करतात. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी धरायची, गाठ न मारता अंगाभोवती तिचे वेढे घ्यायचे आणि अधांतरी मागे वाकायचं. लोक म्हणतात, या पोरींना तेल पाजून मऊ करतात. तेल असतं खरं, एरंडेल असतं, पण ते चोळतात लाकडी खांबाला! मुंबईच्या हिमानी परब या मल्लखांबपटूला २०२१ सालच्या अर्जुन पुरस्कारांत मान मिळाला.

आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा आयांची पहिली शंका ठरलेली होती: पोरगी अशी वाकली तर पिशवी सरकेल, मग लेकरू कसं होईल? सरकत नाही. गर्भाशय आत स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं, कमान टाकल्यानं ते जागचं हलत नाही. अंग खाली येण्याचा त्रास होतो तो बहुधा लागोपाठच्या आणि अवघड बाळंतपणांनी, वयानं, वर्षानुवर्षं ओझी वाहिल्यानं. बाळंतिणीला आठ दिवसांत निंदायला पाठवताना कोणी पिशवीची काळजी करत नाही, ती निघते पोरीच्या खेळाच्या वेळी! जपायचं ते वेगळंच आहे. अंग गरम केल्याशिवाय वाकायचं नाही, पाठीवर बसून कोणी दाबायचं नाही, हातापायांत मुंग्या आल्या किंवा कळ गेली तर तिथंच थांबायचं.

आता डोंबाऱ्याच्या पोरीकडे येऊ. आपल्या राज्यात १९५९ पासून भिकेला मनाई करणारा कायदा आहे. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून चारचौघांत पैसे मागितले तरी त्याच्या लेखी ती भीकच. म्हणजे कमान तीच, पण एकीला पदक आणि दुसरीला पोलिसाची काठी. आम्हाला हे पटत नाही. मोठी डोंबारीण खेळ करते ती कलावंत आहे, तिला पैसे द्या आणि टाळ्या वाजवून द्या.

पोरीची गोष्ट मात्र वेगळी. १८ एप्रिल २०११ ला सुप्रीम कोर्टानं सर्कशीत लहान मुलांना राबवू नये असं सांगितलं. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला, त्यात सिनेमा-टीव्हीत मुलांना अटी घालून मुभा दिली, सर्कशीत नाही दिली. टीव्हीवर तशीच वाकणारी पोर बघून आपण कौतुक करतो, तिची शाळाही सांभाळली जाते. रस्त्यावरच्या पोरीची शाळा कोण बघतं? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळेत कधी गेलंच नसेल तरी वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं. तांडा आपल्या गावात पंधरा दिवस थांबणार असेल, तर तेवढे पंधरा दिवससुद्धा.

खेळ संपला की थाळी फिरते. त्या वेळी पोरीच्या आईशी बोला. पोर शाळेत जाते का, विचारा. बोलताना आवाज चढवू नका, तिच्याकडे असे विचारणारे पुष्कळ येऊन गेलेले असतात. ती हो म्हणाली तर दुसऱ्या दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी तिच्यासोबत मुख्याध्यापकांकडे जा. आणि शाळेत खेळाच्या सरांना सांगा, या पोरीला आमच्या पोरींसमोर एकदा कमान टाकू द्या, शिकवू द्या.