अंतराळातील घराची जाग
(वर्धापनदिनानिमित्त मंडळात दिलेल्या भाषणावरून)



अंतराळाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण आणि ज्वाळा येतात. मला आज त्याविषयी बोलावयाचे नाही. यान वर गेल्यावर त्यात माणसे राहतात, म्हणजे ते एक घरच झाले. त्या घरातील हवा आणि आवाज, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपण बसलो आहोत तेथे हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो आहे. तो सर्व बाजूंनी सारखा असल्यामुळे जाणवत नाही. यानाबाहेर मात्र हवाच नाही. आत पृथ्वीइतका दाब ठेवला, तर भिंतीच्या दर चौरस मीटरवर आतून सुमारे १० टनांचा रेटा बसतो. आपल्या कुकरचे झाकण वाफ अशीच आतून रेटीत असते; पण कुकरात डाळ असते, येथे माणसे!

हा रेटा कमी व्हावा आणि यान हलके व्हावे म्हणून अमेरिकेच्या अपोलो यानात उड्डाणानंतर नुसता प्राणवायू ठेवीत, तोही पृथ्वीच्या एकतृतीयांश दाबाने. श्वासाला तेवढा पुरतो. पण २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरील चाचणीत तोच प्राणवायू पूर्ण दाबाहून थोडा अधिक भरला होता. आग लागली आणि क्षणात भडकली. दार आतल्या बाजूस उघडणारे. आतील दाबाने ते चौकटीवर घट्ट बसले. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे प्राणास मुकले. पुढे दार बाहेर उघडणारे केले, आणि जमिनीवर असताना प्राणवायूत नायट्रोजन मिसळू लागले.

१९७३ साली वर गेलेल्या स्कायलॅबमध्येही दाब एकतृतीयांशच होता. विरळ हवेत आवाजाला जोर येत नाही. थोड्या अंतरावरच्या सोबत्यालाही हाक पोचेना. ओरडावे लागे, नाहीतर यंत्रावरून बोलावे लागे. इतक्या दाबाखाली पाणी ७२ अंशांच्या आसपासच उकळू लागते. आपला भात काही त्यात शिजायचा नाही!

रशियनांनी पहिल्यापासून आपल्यासारखीच हवा आणि पृथ्वीइतकाच दाब ठेवला. तरी ३० जून १९७१ रोजी सोयूझ ११ परत येत असताना, यानाचे भाग सुटे होताना एक झडप अवेळी उघडली आणि हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे हवाईछत्रीने जमिनीवर उतरले. दार उघडले, तो डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह आणि पात्सायेव्ह तिघेही निष्प्राण. त्यांच्या अंगात दाबाचे पोषाख नव्हते, कारण तिघांना पोषाखासह बसण्यास जागा नव्हती. त्यानंतर काही वर्षे दोघांनाच पाठवू लागले. पण पोषाख घालून.

आजच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही आपल्यासारखीच हवा आहे. तेथे नसते ती शांतता. वजन जाणवत नाही तेथे गरम हवा वर चढत नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच साचेल आणि त्याला गुदमरवील. म्हणून पंखे रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. त्यांच्या घरघरीने कान बिघडू नयेत म्हणून आवाज मोजतात. काहीजण कानांत बोळे घालून झोपतात. सुनीता विल्यम्स २०२४ ते २०२५ या काळात नऊ महिने याच घरघरीत राहिल्या. भांड्यांच्या आवाजावरून आपण म्हणतो ना, घरात जाग आहे? ही घरघर म्हणजे त्या घराची जाग. ती थांबली, तर निजलेल्याने उठावयास हवे.

हवा दिसत नाही, तशी तिची गळतीही दिसत नाही. २०२० साली स्थानकाच्या रशियन भागातून हवा थोडी थोडी झिरपत होती. यंत्रे लावूनही नेमकी जागा सापडेना. तेव्हा तेथील मंडळींनी बंद केलेल्या कप्प्यात चहाची पत्ती तरंगत सोडली. ती सावकाश एका बाजूस सरकली, आणि तेथेच बारीकशी चीर सापडली. ज्या जिनसेवर आपली सकाळ उजाडते, तिने तेथे एवढे काम केले!

ते स्थानक दिवसातून सुमारे सोळा वेळा पृथ्वीभोवती फिरते. तिन्हीसांजेस कधी आपल्या गच्चीवरून चांदणीसारखा संथ सरकणारा ठिपका दिसला, तर मुलांना जरूर दाखवा. आणि त्या ठिपक्यात आता पंखे फिरत आहेत, माणसे श्वास घेत आहेत, हेही सांगा.