कोलकात्याची चिनी वस्ती

कोलकात्यात टिरेटा बाजार आहे. तिथं जुनी चिनी वस्ती. मी भल्या सकाळी गेलो. रस्त्यावर वाफेचे मोदक विकायला होते. दिसायला आपलेच, पण आत सारण खिम्याचं! मी माळकरी, नुसते पाहिले.

दुसरी चिनी वस्ती टँगरा भागात. तिथं त्यांनी कातडी कमावली. कालीमातेचं देऊळही आहे. प्रसाद काय, तर चिनी शेवया!

१९६२ साली चीनशी लढाई झाली. लढाई दोन देशांची; पण इथल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं. त्यांत इथंच जन्मलेली पोरंबाळं होती. काहींची तिथं वर्षंच्या वर्षं गेली. सुटून आले, तर कित्येकांचं घर नाही, दुकान नाही. पुष्कळजण परदेशी गेले. राहिले ते आजही सकाळी चुली पेटवतात.