गाडीच्या फळीवरची मुळाक्षरे



वसंतातल्या व्याख्यानांची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगाव अशा व्यासपीठांवर इतिहास, वेदान्त, अर्थकारण अशा मोठमोठ्या विषयांवर विद्वान बोलत आले आहेत. तिथे एका कामगार कार्यकर्त्याने उभे राहावे आणि मोटारीच्या दिव्यांवर बोलावे, हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल. पण आमचे म्हणणे असे की, ज्या गोष्टीवर रोज माणसांचा जीव आणि पोट दोन्ही अवलंबून असतात, ती गोष्ट व्याख्यानाला लहान नाही. आमचे शालेय शिक्षण थोडके झाले. वाचायला आम्ही खरे शिकलो ते हजेरीपटांवर आणि मालकांच्या नोटिशींवर. न वाचता आल्याने माणसाचे काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. आजचा विषयही वाचनाचाच आहे. फक्त पुस्तक निराळे आहे.

मोटारीत चालकासमोर जी फळी असते तिला आपण डॅशबोर्ड म्हणतो. हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. विलायतेत घोडागाडीच्या पुढे एक आडवी फळी लावीत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. घोडा गेला, इंजिन आले. चिखलाची फळी मात्र राहिली आणि तिच्यावर घड्याळासारख्या तबकड्या बसल्या. वेग दाखवणाऱ्या यंत्राचे एकस्व ऑटो शुल्झ ह्या जर्मन गृहस्थाने १९०२ साली घेतले.

आपल्या भागात बंडी हाकणाऱ्याला अशी तबकडी कधी लागली नाही. बैलाचे कान, त्याचा श्वास, तोंडाचा फेस, खुराचा आवाज ह्यांवरून तो सारे ओळखी. बैल दमला की त्याला सोडून सावलीत बांधायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. इंजिनाला कान नाहीत आणि फेसही नाही. म्हणून त्याचे दुखणे सांगायला ही फळी आहे. ती न वाचता गाडी चालवणे म्हणजे बैलाच्या तोंडाकडे न पाहता चाबूक मारणे होय.

ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात ही फळी साधी होती. वेगाचा काटा, तेलटाकीचा काटा, इंजिनाच्या तापमानाचा काटा आणि दोन-चार दिवे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. आजच्या गाडीत वीस-पंचवीस चिन्हे सहज असतात आणि मध्यभागी दूरदर्शनसारखा पडदा असतो. नवा चालक पहिल्या दिवशी बिचकतो, जुना चालक दुर्लक्ष करायला शिकतो. दोन्ही वाईट.

वास्तविक ह्या लिपीची गुरुकिल्ली फार सोपी आहे. ती रंगांत आहे. तांबडा दिवा म्हणजे धोका. पिवळा म्हणजे सावध, लवकर दाखवून घ्या. हिरवा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे. निळा म्हणजे समोरचे दिवे लांबच्या झोतावर आहेत. ही चिन्हे आंतरराष्ट्रीय प्रमाणांनी ठरवलेली आहेत, म्हणून गाडी पुण्यात झालेली असो की जपानात, तेलाची झारी झारीसारखीच दिसते.

आता वाचन कोठून सुरू करावे? चावी फिरवली, पण इंजिन सुरू केले नाही, त्या क्षणी. तेव्हा बरेचसे दिवे एकदम लागतात आणि बहुतेक काही क्षणांत, उरलेले इंजिन सुरू होताच विझतात. पुष्कळांना वाटते की ही नुसती रोषणाई आहे. ती हजेरी आहे. प्रत्येक दिवा "मी जिवंत आहे" असे सांगून जातो. जो हजेरीला लागलाच नाही, तो पुढे संकटातही लागणार नाही. आमच्या एका चालकाला मालकाने जुनी गाडी दिली, तिच्यात हवेच्या पिशवीचा दिवा कधीच लागत नसे. उघडून पाहिले तेव्हा कळले की दिवा बिघडला नव्हता, मुद्दाम काढून टाकला होता. दुरुस्तीचा खर्च वाचावा म्हणून तक्रार करणाऱ्याचेच तोंड बंद केले होते. कारखान्यात हा प्रकार आम्ही माणसांच्या बाबतीत पाहिला होता. दिव्याच्या बाबतीत तेव्हाच पाहिला.

तांबड्या दिव्यांत मुख्य चार. पहिला झारीचा. तो तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब गेला हे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या गावापर्यंत जाऊ म्हणू नये. गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे, नाहीतर थोड्याच वेळात ते जाम होते. दुसरा तापमानाचा. गाडी थांबवावी, आणि गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. तिसरा ब्रेकचा, वर्तुळात उद्गारचिन्ह. आधी हातब्रेक ओढलेला राहिला आहे का पाहावे. तो सुटलेला असूनही दिवा असेल तर ब्रेकचे तेल पाहावे आणि गाडी हलवू नये. चौथा बॅटरीचा. बॅटरी चार्ज होत नाही एवढे तो सांगतो. पण काही गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून त्याच्याबरोबर तापमानाकडेही लक्ष हवे.

पिवळ्यांत इंजिनाच्या चित्राचा दिवा येतो. तो स्थिर असेल तर सावकाश मिस्त्रीकडे न्यावे. लुकलुकत असेल तर वेग उतरवावा आणि लांबचा पल्ला टाळावा. घोड्याच्या नालात उद्गारचिन्ह दिसले तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. डिझेल गाडीत तारेच्या वेटोळ्याचे चित्र असते. ते विझेपर्यंत इंजिन सुरू करण्याची घाई नको. आणि तेलपंपाच्या चित्राशेजारी एक चिमुकला त्रिकोण असतो, तो टाकीचे झाकण गाडीच्या कोणत्या बाजूला आहे ते दाखवतो. दहा-दहा वर्षे गाडी चालवणारे लोक पंपावर खिडकीतून मान काढून झाकण शोधताना आम्ही पाहतो.

निळ्या दिव्याविषयी आपल्या भागात वेगळे बोलले पाहिजे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाहून मंडळ्या निघतात, रात्रभर प्रयोग होतो आणि पहाटे कलावंतांनी भरलेली गाडी जंगलातल्या अरुंद रस्त्याने परतते. समोरून गाडी येत असताना निळा दिवा तसाच ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांत मूठभर वाळू फेकणे आहे. त्याला दिसले नाही तर तो आपल्यावरच येईल.

दिव्यांबरोबर आता आवाजही आला आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारीत पट्टा न बांधल्यास आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या वर गेल्यास गाडीने सूचना दिलीच पाहिजे, असा नियम आहे. यावर आपल्या लोकांनी काय तोड काढली? पट्ट्याच्या खाचेत खोटी पट्टी अडकवायची, म्हणजे गाडी गप्प बसते. ह्या पट्ट्या उघड विकल्या जात. शेवटी २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांना त्या हटवण्याचे आदेश द्यावे लागले. गाडीला फसवता येते. समोरच्या झाडाला फसवता येत नाही.

आता पडद्याकडे येऊ. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद डोळे पडद्यावर गेले की ३३ मीटर रस्ता आंधळेपणाने कापला. खटका असेल तर बोट तो चाचपून शोधते. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच कळत नाही, डोळेच न्यावे लागतात. २०२२ साली स्वीडनच्या 'वी बिलेगारे' नियतकालिकाने ताशी ११० किलोमीटर वेगाने ठरावीक चार कामे करून पाहिली. २००५ सालच्या खटक्यांच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरांत आटोपली. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या पडद्याच्या गाडीला १३७२ मीटर लागले. युरोपातील वाहनसुरक्षेच्या तपासणी संस्थेने तर २०२६ पासून दिशादर्शक, वायपर, भोंगा अशा गोष्टींसाठी खरे खटके असण्याला गुण ठेवले आहेत. तेव्हा नवे ते सारे पुढारलेले, असे समजण्याचे कारण नाही.

पडद्याचा दुसरा प्रश्न भाषेचा. मालवाहू व प्रवासी गाड्यांच्या चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली. ते योग्यच झाले. हुशार हात त्या अटीने घरी बसत होते. चित्रांची लिपी निरक्षराचीही सोय पाहते. पण आता पडद्यावर इंग्रजीत वाक्येच्या वाक्ये उमटतात. ज्याला ती वाचता येत नाहीत त्याच्या हाती लाखो रुपयांची गाडी आणि आत बसलेल्यांचे प्राण आहेत. गाडी महाराष्ट्रात तयार होते, महाराष्ट्रात विकली जाते, मराठी माणूस ती चालवतो. मग तिने धोक्याची सूचना मराठीत द्यावी ही मागणी अवाजवी कशी?

आणि आता मूळ मुद्दा. दिवा वाचला, पुढे काय? चालक तांबड्या दिव्यावर थांबला तर मालक म्हणतो, "खेप बुडाली, मजुरी काप." तो तसाच पुढे गेला आणि इंजिन बसले, तर मालक म्हणतो, "नुकसानभरपाई काप." दोन्हीकडून कापला जातो तो चालकच. आणखी काही दिवसांत तेंदूपानांचा हंगाम येईल. पोत्यांनी भरलेल्या गाड्या देवरीकडे आणि महामार्गाकडे रात्रंदिवस धावतील. त्याआधी प्रत्येक चालकाने मालकाशी एकच कलम बोलून घ्यावे, शक्य तर लिहून घ्यावे: तांबडा दिवा लागला तर गाडी थांबेल, आणि थांबण्याबद्दल मजुरी कापली जाणार नाही. एकट्याने बोलण्याची भीती वाटत असेल तर दहा जणांनी मिळून बोलावे. संघटना म्हणजे दुसरे काही नाही.

अलीकडच्या महागड्या गाड्यांत आणखी एक चिन्ह दिसते: वाफाळता पेला. चालक पेंगतो आहे असे गाडीला वाटले की ती म्हणते, थांबा, काही प्या. श्रीमंताच्या गाडीला चालकाच्या झोपेची काळजी आहे, ही चांगली गोष्ट. पण चौदा-चौदा तास मालगाडी हाकणाऱ्याच्या फळीवर हा पेला सहसा नसतो. त्याच्यासाठी तो दिवा संसदेने १९६१ सालीच लावला होता. मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणत असे की, सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम नाही, आणि पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती. पाच वा अधिक कामगार असलेल्या संस्थांना तो २०२५ पर्यंत लागू होता. साठ वर्षांहून अधिक काळ हा दिवा लागलेला होता; त्याच्यावर खोटी पट्टी कोणी अडकवली, हे आपण विचारले पाहिजे.

तेव्हा आमचे मागणे फार नाही. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी उद्या सकाळी चावी फिरवून दिव्यांची हजेरी घ्यावी. ज्यांनी चालक ठेवला आहे त्यांनी गाडीबरोबर आलेले पुस्तक कपाटात न ठेवता त्याच्या हाती द्यावे, आणि त्याला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलांनी एक संध्याकाळ शेजारी बसून ते वाचून दाखवावे. आणि चालकबंधूंनी लक्षात ठेवावे की, यंत्र थकले की सांगते, कारण कोणीतरी त्याला जीभ दिली आहे. माणसाला ती जन्मतःच मिळाली आहे; तिचा उपयोग करावा.