घरामागच्या वर्कशॉपला फरशी कोणती, सांगाडा कशाचा?

आजचा विषय छोटा, पण खिशाला लागणारा. घरामागं दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, तिथं वेल्डिंग किंवा सुतारकाम सुरू करायचंय आणि पैसे मोजकेच आहेत. मग पहिला प्रश्न येतो, फरशी कोणती टाकू? मी म्हणतो, आधी खालची माती बघा.

आपल्या जालन्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट महागडी टाइल टाकली तरी दोन-तीन पावसाळ्यांत तडकणारच. म्हणून निदान फूटभर काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून थराथरानं ठोका. आपल्या जागेला १२० घनफूट भरलेला मुरूम लागेल. ठोकल्यावर तो दबतो, म्हणून साधारण दीड ब्रास मागवा. पैसा इथं घाला, वर वाचवा.

वर शहाबादी फरशी पुरते. दोन बाय दोनच्या ३० लागतील, फुटतुटीसाठी दोन-तीन जास्त घ्या. बसवल्यावर बोटानं वाजवून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे, तिथं हातोडा पडला की फरशी गेली. आणि हो, हा चुनखडीचा दगड आहे. बॅटरीचं काम करणार असाल, तर अॅसिड त्याला खातं. तेवढा कोपरा वेगळा ठेवा.

आता सांगाडा. बाभळीचं ओलं लाकूड स्वस्त पडतं, पण वाळताना पीळ घेतं, शिवाय वाळवीची भीती. वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार असतील तर लोखंडच बरं. जालना स्टीलचं गाव खरं, पण इथली ओळख सळईची. चौकोनी पाइपही स्वस्तच मिळेल असं धरून चालू नका. तीन दुकानांत किलोचा भाव विचारा. दोन इंची, २ मिमी जाडीचा, २० फुटी पाइप साधारण १८ किलो भरतो. काट्यावर १४ भरला, तर समजा तो दीड मिमीचाच आहे.

जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असायचा, म्हणजे बूड ओलीपासून वर राहायचं. तेच इथं करा. काँक्रीटचा ठोकळा फरशीच्या वर काढा, त्यात बोल्ट रोवा आणि त्यावर पाइपची प्लेट कसा. वळवाच्या वाऱ्यात पत्र्यांसकट शेड धरून ठेवणारे हेच बोल्ट असतात, तिथं काटकसर नको.

लाकूड घ्यायचंच तर कामाच्या टेबलासाठी. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान मुरलेलं असतं. खिळे आणि किडीची भोकं तपासून घ्या. भाव घनफुटावर असतो: तीन बाय दोन इंचाच्या, १० फुटी १२ पट्ट्या म्हणजे ५ घनफूट. हिशोब मोबाइलवर स्वतः करा, मगच पैसे द्या.

तुमच्या जागेचं माप आणि मातीचा फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया!