लहान उद्योगांचा शेजारधर्म



धंदा म्हटला की चढाओढ आलीच, असे आपण धरून चालतो. शेजारचा कारखानदार म्हणजे प्रतिस्पर्धी. आपले गिऱ्हाईक आणि आपली युक्ती त्याला कळू देऊ नये, यालाच व्यवहारी शहाणपण म्हणतात. हे शहाणपण लहान उद्योगाला परवडते काय, एवढाच प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

मोठ्या कारखान्याला सारे काही घरचे असते. स्वतःची प्रयोगशाळा, स्वतःचा कायद्याचा सल्लागार, बँकेत पत. दहा माणसांच्या कारखान्याजवळ यांतले काहीच नसते. मग तो टिकतो कसा? आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली या प्रश्नाचा उलगडा केला. एकाच धंद्यातली अनेक लहान माणसे एके ठिकाणी नांदू लागली, की कसबी कामगार, पूरक धंदे आणि धंद्याचे ज्ञान ही तिन्ही त्यांना सामाईक मिळतात, असे त्याने दाखवून दिले.

दाखल्यासाठी विलायतेला जायला नको. आपले कोल्हापूर पाहा. तेथे पॅटर्न करणारा एक, लोखंड ओतणारा दुसरा, लेथवर कातणारा तिसरा. एकाने सगळी यंत्रे घ्यायची म्हटली तर जन्म कर्जात जाईल. तिघांनी कामे वाटून घेतली तर प्रत्येकाला आपापल्या ऐपतीपुरते भांडवल पुरते. ओतकामात साच्यासाठी वाळू लागते आणि वापरलेली वाळू टाकायची कोठे, ही मोठी अडचण असते. ती वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारे यंत्र एकट्याच्या आवाक्यातले नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांनी त्यासाठी मिळून सामाईक प्रकल्प उभारला. एकाच गिऱ्हाइकाच्या मागे धावणारी ही माणसे वाळूपुरती भागीदार झाली. त्यांची चढाओढ संपली नाही. ती मालाच्या गुणावर येऊन ठेपली.

आता कोणी म्हणेल, संबंध तर आम्हीही राखतो; लग्नामुंजीत, ज्ञातीच्या मेळाव्यात भेटतोच की! येथेच खरी मेख आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक मार्मिक गोष्ट मांडली. नोकरीची बातमी माणसाला जिवलगांपेक्षा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, असे त्याला आढळले. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. धंद्यालाही हाच न्याय लागतो. नवे गिऱ्हाईक, नवा कच्चा माल, नवी रीत यांची वार्ता बाहेरच्या आळीतून येते. गोतावळा अडचणीला उभा राहतो खरा, पण तेवढ्यावरच जो थांबला त्याची खिडकी एकाच अंगणात उघडते.

दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. एका धंद्यातले लोक जमले की बोलणे भाव वाढवण्याच्या कटाकडे वळते, असा इशारा अॅडम स्मिथने १७७६ सालीच देऊन ठेवला आहे. आपल्याकडेही २००२ च्या स्पर्धा कायद्याने संगनमताने भाव ठरवणे निषिद्ध केले आहे. तेव्हा साधने वाटून घ्यावीत, ज्ञान वाटून घ्यावे, भाव मात्र ज्याचा त्याने ठरवावा.

एका ठिकाणी मात्र एकजूट हेच शस्त्र आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाच्या मालाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवले पाहिजेत. उशीर झाल्यास जबर व्याज द्यावे लागते. पण हक्क बजावायला गेलो तर पुढची ऑर्डर जाईल, या भीतीने एकटा कारखानदार गप्प बसतो. कामगारांचा पगार मात्र थांबत नाही. तो सावकाराच्या दारी जातो. पन्नास जणांची संघटना हेच गाऱ्हाणे कोणाचे नाव न घेता वेशीवर टांगू शकते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपण ज्या संघटनेची वर्गणी भरतो, तिच्या सभेला जावे. आपल्या जातीचा नाही, आपल्या गावचा नाही, अशा एकातरी व्यवसायबंधूशी वर्षभरात परिचय करून घ्यावा. आणि मागण्याआधी काहीतरी द्यावे; एखादा चांगला कारागीर सुचवावा, अडल्या वेळी मशीन वापरू द्यावे. पत बँकेत मिळते ती तारणावर; शेजाऱ्याजवळ मिळते ती आधी केलेल्या उपयोगावर. दुसऱ्या प्रकारची पत लहान माणसालाही कमावता येते.