फुकट चष्म्याची किंमत



मोठ्या माणसास दिसेनासे झाले म्हणजे तो बोलून दाखवितो. पण ज्या मुलाला पहिल्यापासूनच धूसर दिसते, त्याला जग असेच असते असे वाटते. फळा दिसत नाही म्हणून ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावते, आणि आम्ही वडीलधारी त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो!

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात येते. गरीब शाळकरी मुलांना मोफत चष्म्याचीही तरतूद आहे. मग अडते कोठे?

अडते ते शाळा आणि दवाखाना यांमधल्या वाटेवर. उमराण्याच्या कांदाखळ्यावर जाणारी आई घ्या, की मालेगावात यंत्रमागावर राबणारा बाप घ्या. शाळेची चिठ्ठी आली की एका दिवसाची मजुरी बुडते. डोळ्यांत थेंब घालून तपासायचे म्हणजे दिवस तेथेच जातो. चष्म्यासाठी पुन्हा फेरी. शहरात दवाखाना हाकेवर असला, तरी त्याची वेळ मजुराच्या पाळीशी जुळत नाही. फुकट चष्म्याची किंमत अशी दोन दिवसांची रोजी होते. त्यातून मुलगी असली, तर 'चष्मा लागला म्हणजे स्थळ कसे यायचे?' हा प्रश्न आहेच.

आणि येथे उशीर परवडत नाही. एक डोळा अधू राहिला, तर मेंदू त्याच्याकडचे चित्र घेणेच सोडू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सातआठ वर्षांच्या आत उपचार झाले तर बहुधा गुण येतो. पुढे ते कठीण होत जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. हॉलंडच्या स्नेलेनने १८६२ साली काढलेल्या अक्षरतक्त्याला एक भिंत आणि सहा मीटर जागा पुरते. शिक्षकांनी एकेक डोळा झाकून प्रत्येक मूल तपासावे. दोष आढळलेल्या मुलांना नगरपंचायतीने आणि व्यापारी मंडळींनी एकाच गाडीतून न्यावे. चष्मा शाळेतच मिळावा, आणि मोडला तर न रागावता बदलून द्यावा.

मूल तक्रार करणार नाही. विचारायचे आपणच आहे.