सेवेचे वेतन किती?

(लातूर येथील सभेत केलेले भाषण)



आपल्या गावची आशाताई रात्री-अपरात्री गरोदर भगिनीला घेऊन दवाखाना गाठते. शासनाच्या लेखी मात्र ती नोकर नव्हे, स्वयंसेविका होय. 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला वेतन न देता कामागणिक मोबदला ठरविला.

जितके काम तितका दाम, हे वरवर न्याय्य दिसते. परंतु 2011 सालची नवजात बालकांच्या गृहभेटींची योजना पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर 42 दिवसांत सहा भेटी. त्यांचे एकूण 250 रुपये. त्यातही एक अट अशी की, तोवर माता व बालक सुखरूप असली पाहिजेत. मी वकील आहे. पक्षकार हरला म्हणून माझी फी बुडत नाही. मग बालक दगावले, तर तिची पायपीट का बुडावी?

संपानंतर मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने दरमहा 5000 रुपयांची वाढ मान्य केली. हे संघटनेचे यश होय. तथापि वाढला तो मोबदला. कर्मचारी हा दर्जा मिळाला नाही.

संविधानाचे 23 वे कलम वेठबिगारीस मनाई करते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेले कामही तीत मोडते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली दिला. आपल्या वाडवडिलांच्या वेठीलाही गावकीची सेवाच म्हणत असत. म्हणून भगिनींनो, प्रत्येक भेटीची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा, संघटना सोडू नका, आणि कोणी सेवेची थोरवी गाऊ लागला, तर त्यास विचारा : सेवेचे वेतन किती?